आमच्या घरातला बार

‘रोज सकाळी साडेसहाला मी घरीच बार करते,’ असं शेजारच्या काकूंना सांगितलं, तर त्या हातातल्या कोथिंबिरीसकट दोन पायऱ्या मागे सरल्या. संध्याकाळी त्यांनी माझ्या नवऱ्याकडे ज्या करुणेनं पाहिलं, तेवढी करुणा त्याला लग्नातही मिळाली नव्हती.

बार म्हणजे बॅले नाचणारे सरावाला धरतात तो आडवा दांडा, आणि तो धरून करायचा व्यायामही बारच. नाझींच्या तावडीतून सुटून जर्मनीहून लंडनला आलेल्या लोटे बर्क या नर्तकीची पाठ दुखावली. त्या दुखण्यातून तिनं हा प्रकार बसवला आणि १९५९ साली तळघरात वर्ग काढला. हे मी कौतुकानं सासऱ्यांना सांगितलं. आबा त्र्याऐंशीचे, तालमीच्या मातीत वाढलेले. म्हणाले, ‘एकुणसाठ साली मी रोज पाचशे बैठका मारत हुतो. माझा वर्ग कुणी काढला न्हाई.’

व्हिडिओ निवडण्यातच आठवडा गेला. ‘साहित्य नको’ म्हणणाऱ्या पहिल्या बाईनं तिसऱ्या मिनिटाला चेंडू काढला, सातव्याला रबरी पट्टा. दुसरी ‘नवशिक्यांसाठी’ म्हणत पाय कानापर्यंत नेत होती. शेवटी वीस मिनिटंवाली, घाम येणारी एक बाई धरली. जिला घाम येत नाही तिच्यावर माझा विश्वास नाही. चेंडूऐवजी मांड्यांत टॉवेलची गुंडाळी, डंबेलऐवजी मिठाचे किलोचे दोन पुडे. इथवर सोपं होतं.

दांडा अडला. तो बेंबीच्या आसपास हवा आणि हलता कामा नये. घरात न हलणारा म्हणजे ओटा. (नवराही आहे, पण त्या वेळी तो आडवा असतो, उंची भरत नाही.) ओटा धरून टाचा उचलल्या. बाई म्हणाली, नजर समोर. समोर टाईल्स, डावीकडे दूध. ते उतू गेलं तेव्हा मी एका पायावर होते. मग गॅलरीचा कठडा धरला, तर समोरच्या इमारतीतून हाक आली, ‘वैनी, पायात गोळा आला काय? दादांना उठवू?’

राहिली प्लॅस्टिकची खुर्ची.

बारची गंमत अशी की बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. टाचा जुळवायच्या, पंजे बाहेर, गुडघे अर्धे वाकवायचे आणि तिथंच इंचभर खाली, इंचभर वर. पाय सरळ होऊ द्यायचे नाहीत, त्यामुळे स्नायूला दमच खाता येत नाही. विसाव्या खेपेला मांड्या थरथरायला लागतात, आणि पडद्यावरची बाई त्या थरथरीचं अभिनंदन करते. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये ज्या गावात खासबागेचं कुस्तीचं मैदान उभं केलं, तिथं इंचभर हलण्याला व्यायाम म्हणायला छाती लागते.

‘हे काय करालीस?’ आबांनी विचारलं.

‘बैठका, आबा.’

‘ही बैठक न्हवं. बैठकीचा नमुना हाय. पुरी कवा करणार?’

चौथ्या दिवशी गुडघे बोलायला लागले. बाईएवढे पंजे फाकवायच्या हौसेत मी गुडघ्यातून पिळत होते. वळण खुब्यातून यायला हवं, येईल तेवढंच. बाईचे पाय घड्याळातल्या पावणेतीनसारखे, मी आता अकरा आणि एकवर समाधानी आहे. वाकतेही कमी. थरथर मात्र पूर्ण भरते.

दांडा नुसता बोटांनी धरायचा असतो, भार टाकायचा नाही. बुडत्याला हे कोण सांगणार? मी भार टाकला, खुर्ची फरशीवरून सरकली आणि तिच्यामागून मी थेट देव्हाऱ्यापर्यंत. आबा उठले. खुर्ची जागेवर आणली, माझ्याकडे पाठ करून तीत बसले आणि पेपर उघडला. सत्तर किलोचा, चष्मा लावलेला दांडा मला मिळाला.

फक्त तो मोजतो. पडद्यावरची बाई म्हणते, शेवटचे आठ. मी आठला थांबते. पेपरामागून आवाज येतो, ‘नऊ.’ आबांच्या हिशेबात शेवटचं असं काही नसतं. एकदा चौतीसपर्यंत गेलो. बाई तेव्हा गालिच्यावर आडवी पडून श्वास सोडत होती.

परवा आबा जत्रेला गावी गेले. जाण्याआधी त्यांनी खुर्चीत तीस किलोचं जोंधळ्याचं पोतं स्वतः बसवून दिलं. पोतं गुणी निघालं. हललं नाही, चहा मागितला नाही, मी पाचला थांबले तरी हूं की चूं केलं नाही.

पावणेसातला फोन वाजला. मागं म्हैस हंबरत होती.

‘किती झाल्या?’

‘आठ,’ मी म्हटलं.

पलीकडं म्हैससुद्धा गप्प झाली.

‘फोन पोत्यावर ठेव,’ आबा म्हणाले. ‘आवाज मोठा कर. हं, धर खुर्ची. एक...’