बीव्हर धरणात राहत नाही

बीव्हर या पाण्याकाठी राहणाऱ्या, झाडं कुरतडणाऱ्या प्राण्याबद्दलचा एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे, आणि दर वेळी लोक तो भारावून पुढे पाठवतात. त्यात लिहिलेलं असतं की हा प्राणी निसर्गाचा इंजिनीअर आहे. तो धरण बांधतो आणि त्या धरणातच राहतो, शेपटीची थापी करून भिंत लिंपतो, झाड कुठल्या बाजूला पाडायचं हे आधीच ठरवतो, तळ्यातले मासे खातो, हिवाळाभर झोपतो आणि जिथे जाईल तिथे नंदनवन फुलवतो. मला हा प्राणी मनापासून आवडतो, म्हणूनच हे लिहायला बसलो. यातलं कौतुक रास्त आहे. तपशील मात्र चुकलेत, आणि त्यामुळे बीव्हर धरण बांधतो तरी कशासाठी, हेच वाचणाऱ्याला कळत नाही.

सुरुवात घरापासून करू. धरण म्हणजे नुसता बांध, घर वेगळं. धरणामागे साठलेल्या तळ्याच्या मधोमध किंवा काठाला लागून फांद्या आणि चिखलाचा मोठा ढीग दिसतो, ते त्याचं घर. आत पाण्याच्या पातळीच्या थोडं वर एक कोरडं दालन असतं आणि त्याची दारं पाण्याखाली उघडतात. धरणाचं सगळं प्रयोजन या दारांमध्ये आहे. जमिनीवर बीव्हर जड आणि संथ असतो, लांडग्याच्या किंवा अस्वलाच्या सहज तावडीत सापडतो. पाण्यात शिरला की मात्र तो पंधरा मिनिटांपर्यंत श्वास रोखून राहू शकतो. ओढा उथळ असेल तर दारं उघडी पडतील, म्हणून तो पाणी अडवतो. नदी मुळातच खोल असेल तर तो धरणाच्या भानगडीत पडतच नाही, काठात बीळ खणून राहतो. धरण न बांधता आयुष्य काढणारे बीव्हर भरपूर आहेत.

आता शेपटी. ही थापीची गोष्ट इतकी रुजली आहे की चित्रांतही तीच दिसते. प्रत्यक्षात बीव्हर तळाचा चिखल पुढच्या दोन पायांनी उचलतो, हनुवटीखाली छातीशी धरतो, कधी कधी तसाच मागच्या पायांवर उभा राहून चालत येतो आणि भिंतीवर ढकलतो, दाबतो. शेपटी त्या वेळी मागे टेकलेली असते, तोल सांभाळायला. खवलेदार, चपटी शेपटी पोहताना सुकाणूचं काम करते, तिच्यात हिवाळ्यासाठी चरबी साठते, आणि धोका दिसला की पाण्यावर तिचा असा फाडकन आवाज होतो की सगळं कुटुंब क्षणात बुडी मारतं. एका अवयवाची एवढी कामं असताना त्याला गवंडीकाम चिकटवायची गरज नाही.

झाडाची दिशा ठरवण्याचा दावाही टिकत नाही. काठावरची झाडं उजेडासाठी पाण्याच्या बाजूला झुकलेली असतात, त्यामुळे बरीचशी तिकडेच पडतात. काही दुसऱ्या झाडांत अडकून फुकट जातात, आणि स्वतः पाडलेल्या झाडाखाली चिरडून मेलेले बीव्हरही सापडले आहेत. खरं नवल त्याच्या दातांत आहे. आपण पटाशीचे दात म्हणतो ते याला अक्षरशः लागू पडतं. पुढच्या बाजूचं कवच लोहामुळे गर्द नारिंगी आणि कठीण, मागची बाजू मऊ. मागचं आधी झिजतं, पुढची धार कायम राहते, आणि दात जन्मभर वाढत राहतात. दातांच्या मागे ओठ मिटतात, म्हणून तो पाण्याखालीही कुरतडू शकतो.

मासे? बीव्हर मासे खातच नाही. साल, पानं, कोवळ्या फांद्या आणि पाणवनस्पती, एवढाच त्याचा आहार.

झोपेचं म्हणाल तर तो शीतनिद्रा घेत नाही. पानगळीच्या दिवसांत घराजवळ तळाच्या चिखलात फांद्या रोवून तो बेगमी करतो. वर बर्फ धरला की पाण्याखालच्या दारातून बाहेर पडायचं, एक फांदी ओढून आत न्यायची आणि साल सोलून खायची. आई-वडील, गेल्या वर्षीची पिल्लं आणि यंदाची पिल्लं अशी सगळी एकत्र राहतात. घराच्या माथ्यावर थोडी जागा चिखल न लावलेली असते. कडक थंडीच्या सकाळी तिथून त्यांच्या श्वासांची वाफ वर येताना दिसते.

इंजिनीअर या बिरुदाबद्दलही थोडं सांगतो. स्वीडनमध्ये प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक लार्स विल्सन यांनी बंदिस्त जागेत वाढवलेल्या बीव्हरांना वाहत्या पाण्याचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकवला, तर ते ध्वनिवर्धकाजवळच बांधकाम करू लागले. म्हणजे गळतीचा आवाज हीच मोठी प्रेरणा. धरण कधीही न पाहिलेली पिल्लंही धरण बांधतात. यात शिकण्याचा भाग आहेच, पण आराखडा मनात धरून बसलेला छोटा माणूस तिथे नाही. मला ही गोष्ट आराखड्यापेक्षा जास्त थक्क करते.

राहिलं नंदनवन. यात तथ्य बरंच आहे. बीव्हरच्या तळ्यांमुळे आजूबाजूची जमीन भिजलेली राहते, बेडूक, पक्षी आणि माशांच्या पिल्लांना आसरा मिळतो. २०२० मध्ये एमिली फेअरफॅक्स आणि अँड्र्यू व्हिटल या संशोधकांनी पश्चिम अमेरिकेतल्या पाच वणव्यांची उपग्रहचित्रं तपासली, तेव्हा बीव्हरची धरणं असलेले काठ इतर काठांपेक्षा कितीतरी हिरवे राहिल्याचं दिसलं. तिथल्या तोडलेल्या विलो (वाळुंज) झाडांना बुंध्यातून पुन्हा धुमारे फुटतात, म्हणून तिथलं रान सावरतं. पण "जिथे जाईल तिथे" हे शब्द चुकीचे आहेत. १९४६ मध्ये अर्जेंटिनाने फर कमावण्यासाठी कॅनडातले बीव्हर दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या, अर्जेंटिना आणि चिलीत विभागलेल्या तिएरा देल फुएगो बेटावर सोडले. तिथे त्यांना खाणारे लांडगे नाहीत, अस्वलं नाहीत, आणि तिथल्या 'दक्षिणी बीच' नावाच्या झाडांना अशा तोडीची सवय नाही. कुरतडलेली झाडं सहसा पुन्हा फुटत नाहीत, आणि मुळं पाण्याखाली गेली की उभी झाडं वाळून जातात. बीव्हर पोहत चिलीच्या मुख्य भूमीपर्यंत पोहोचले आहेत. धरणं तीच, दात तेच, आणि आज दोन्ही देश त्यांना तिथून हटवण्यासाठी झटत आहेत.