‘मित्र की शत्रू ते एकदाच सांगा’ म्हणणाऱ्या दादांना

दादा, नमस्कार. तुमची कमेंट उशिरा बघितली, दोन दिवस बंदरावरच होतो. रागाने लिहिलंय तुम्ही, पण मनापासून लिहिलंय, त्यामुळे दोन ओळीत उत्तर देणं मला पटेना.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागच्या पोस्टमध्ये मी जून 2019 ची गोष्ट लिहिली होती, वायू वादळात दहा चिनी बोटी रत्नागिरी बंदरात आसऱ्याला आल्या आणि कोस्टगार्डने त्यांना आत घेतलं ती. शेवटी असंही लिहिलं होतं की पुतणी पुण्यात चिनी भाषा शिकतेय त्याचा मला आनंद वाटतो. त्यावर दादा म्हणतात, ही पोस्ट गलवानच्या जवानांच्या घरी जाऊन वाचून दाखवा, चीन मित्र की शत्रू ते एकदाच सांगा, कुंपणावर बसू नका, आणि शत्रूची भाषा पोरीला शिकवताच कशाला.

गलवानबद्दल तुमचं माझं दुमत नाहीच. 15 जून 2020 च्या रात्री आपले वीस जवान गेले, आणि ज्या देशाने ते केलं त्याला मी मित्र म्हणत नाही, मागच्या पोस्टमध्येही म्हटलेलं नाही. 1954 ला पंचशील झालं आणि आठच वर्षांत 1962 झालं. जैश-ए-मोहम्मदच्या मसूद अझहरला युनोच्या दहशतवाद्यांच्या यादीत टाकायचं चीनने मे 2019 पर्यंत अडवून धरलं. 2020 ते 2024 या काळात पाकिस्तानने बाहेरून जी शस्त्रं घेतली त्यातली 81 टक्के चीनची, हा स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेचा आकडा आहे. एवढं समोर असताना भाई भाई म्हणायची माझी हिंमत नाही.

पण दादा, शत्रू म्हणून टाकलं की पुढे काय, हे कोणी सांगत नाही आणि माझं दुखणं तिथेच आहे. 2020 मध्ये आपण सगळ्यांनी बहिष्कार बहिष्कार केलं, 59 अ‍ॅप बंद झाले, नाक्यावर पोरांनी चायनाचे मोबाईल फोडले. त्या आर्थिक वर्षात चीनकडून आपली आयात साधारण 65 अब्ज डॉलरची होती. 2024-25 मध्ये ती 113 अब्जांवर गेली, आणि आपण त्यांना विकलं ते जेमतेम 14 अब्जांचं. म्हणजे ओरडलो आपण आणि माल विकला त्यांनी.

माझ्या चुलतभावाच्या बोटीला चायनाचं इंजिन आहे. हौस म्हणून नाही घेतलं, तेवढ्या ताकदीचं दुसरं इंजिन त्याच्या बजेटात बसत नव्हतं म्हणून घेतलं. 2020 च्या ऑगस्टात पावसाळी बंदी उठली, बर्फ भरला, खलाशी नेपाळहून कसेबसे आले, आणि फ्युएल पंप गेला. ज्याच्याकडून इंजिन घेतलं तो म्हणाला पार्ट कंटेनरमध्ये आहे आणि कंटेनर कस्टममध्ये अडकलाय, कारण तेव्हा चीनहून आलेला सगळाच माल तपासायला थांबवला होता. तेवीस दिवस बोट जेटीला बांधून. खलाशांचं जेवण चालू, बँकेचा हप्ता चालू, शेजारच्या बोटी बांगडा भरून येतायत आणि हा टोपलीवर बसून बघतोय. त्या तेवीस दिवसांत चीनचं काय नुकसान झालं सांगा मला.

तुम्ही महाराजांचं नाव घेतलंत कमेंटमध्ये, तर महाराजांचंच घेऊया, आपल्या राजापुरातलं. 1660 ला पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या वखारीतले इंग्रज सिद्दी जौहरच्या मदतीला तोफा घेऊन गेले. महाराजांनी दुसऱ्याच वर्षी राजापूरवर येऊन वखार लुटली आणि इंग्रजांना कैदेत टाकलं. एवढं होऊनसुद्धा 1674 ला राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील ऑक्झिंडेन रायगडावर आला आणि महाराजांनी त्याच्याशी तह केला, व्यापाराला मोकळीक दिली. बरं तह झाला म्हणून बेसावध राहिले का, तर नाही, 1679 ला मुंबईच्या तोंडावर खांदेरी बांधायला घेतली, इंग्रजांनी जहाजं आणून अडवून बघितलं, जमलं नाही. आता यात इंग्रज मित्र की शत्रू ते एका शब्दात तुम्ही मला सांगा. वखार लुटली तेव्हाही आणि तह केला तेव्हाही आपलं आरमार वाढवणं एक दिवस थांबलं नव्हतं, मला महत्त्वाचं वाटतं ते हे.

आणि उलटं उदाहरणही आपल्याच किनाऱ्यावर आहे, ते लिहिताना खरंच पोटात तुटतं. विजयदुर्गावरून आरमार चालवणाऱ्या तुळाजी आंग्र्यांशी बिनसलं म्हणून नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांना मित्र केलं. 1755 ला हर्णैचा सुवर्णदुर्ग पडला, फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गात शिरले आणि आंग्र्यांचं आरमार तिथल्या तिथे जळालं. मराठ्यांचं आरमार, मराठ्यांच्या बंदरात, मराठ्यांच्या संमतीने. वाघोटनच्या खाडीत उभं राहून किल्ल्याकडे बघितलं की मला दर वेळी तेच आठवतं. त्यानंतर बासष्ट वर्षांनी पेशवाईच राहिली नाही. उगवती सत्ता मित्र वाटली म्हणून हे झालं. म्हणून मला मित्र शब्दाची जेवढी भीती वाटते तेवढीच शत्रू शब्दाचीही वाटते, कारण दोन्ही शब्द उच्चारले की माणूस पुढचं बघायचं सोडून देतो.

रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात टोपीकरांबद्दल, म्हणजे युरोपातून आलेल्या व्यापाऱ्यांबद्दल, लिहिलंय ते मला आजही जसंच्या तसं लागू वाटतं. त्याचा मथितार्थ असा, की हे नुसते सावकार नाहीत, यांच्या पाठीशी राज्य आहे, व्यापाराला येऊ जाऊ द्या पण समुद्रकाठी, खाडीच्या तोंडाशी जागा देऊ नका. चिनी कंपन्यांना हे वाक्य लावून बघा दादा. मग प्रश्न उरतो की आजचं खाडीचं तोंड कुठलं. मोबाईलचं नेटवर्क, वीज, बंदरं ही नक्कीच, आणि 5जी मध्ये त्यांना घेतलं नाही ते बरोबरच झालं. श्रीलंकेने हंबनटोटा बंदर 2017 ला 99 वर्षांसाठी चिनी कंपनीला देऊन टाकलं, तसं आपलं एकही बंदर जाता कामा नये. पण काही तोंडं आपण स्वतःच मोकळी सोडलीयत. एप्रिल 2025 मध्ये चीनने रेअर अर्थ म्हणजे दुर्मिळ खनिजांपासून बनणाऱ्या लोहचुंबकांच्या निर्यातीवर परवाने लावले आणि आपल्या गाड्यांच्या कारखान्यांची झोप उडाली. ती खनिजं केरळ ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत आहेत, त्यासाठीची सरकारी कंपनी 1950 पासून आहे, पण वाळूपासून चुंबकापर्यंतचा कारखाना आपण पंचाहत्तर वर्षांत नीट उभा केला नाही. औषधांच्या कच्च्या मालाचं तेच.

आणि इथे बनवायचं म्हटलं की इथे बनवण्याची किंमतही बोलायला हवी. लोट्याच्या एमआयडीसीतल्या केमिकलचं पाणी दाभोळ खाडीत उतरलं आणि खाडीत मासे मरून वर आले, हे तिथल्या भोयांना, खाडीत मासेमारी करणाऱ्यांना विचारा. चीनने दहा वर्षांपूर्वी प्रदूषणासाठी आपले कारखाने बंद करायला घेतले तेव्हा ते काम इकडे आलं, आपण खूश झालो. चीनशी टक्कर द्यायची तर खाडी मारून नको, एवढंच माझं म्हणणं. (हा वेगळा विषय आहे, पण राहवलं नाही.)

मासळीचंही सांगतो, कारण तुम्ही म्हणालात व्यवहारच तोडा. 2023-24 मध्ये पैशांत बघितलं तर आपल्या मासळीचं अमेरिकेनंतर सर्वात मोठं गिऱ्हाईक चीन होतं, साडेचार लाख टनांवर माल तिकडे गेला. बळा, ज्याला एक्सपोर्टवाले रिबनफिश म्हणतात, त्याला चांगला रेट मिळतो तो तिकडच्या मागणीमुळे. कोविडमध्ये पॅकिंगवर विषाणू सापडला म्हणून त्यांनी आपल्या काही कंपन्यांचा माल थांबवला, तेव्हा त्याचा फटका शेवटी बोटीवाल्याला बसला. म्हणून मी तोडा म्हणत नाही, एकाच गिऱ्हाइकावर राहू नका म्हणतो, आणि 2025 मध्ये अमेरिकेने पन्नास टक्के टॅरिफ लावलं तेव्हापासून तर हे दोन्ही बाजूंनी खरं झालंय.

वादळातल्या त्या दहा बोटींबद्दल जेटीवरचा एक म्हातारा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, तेव्हा बोलला होता ते मागच्या पोस्टमध्ये राहिलं. "वादलात आल्याला हाकलायचा नसतो, पन रातीचा पहाऱ्याला मानूस ठेवायचा." कोस्टगार्डने अगदी हेच केलं, आसरा दिला आणि नजरही ठेवली. याला तुम्ही कुंपण म्हणत असाल तर म्हणा.

राहिली पुतणी. भावाच्या त्या इंजिनावर एक पत्र्याची पाटी आहे, सगळी चिनी अक्षरं. कित्येक वर्षं कोणाला वाचता आली नाही, मेकॅनिकने मोबाईल धरून बघितला पण पाटी गंजलेली, काही लागेना. गेल्या गणपतीत पोरगी आली, चिंधीने ग्रीस पुसलं, वही काढून एकेक अक्षर उतरवलं आणि सांगितलं, काका यावर लिहिलंय थंड इंजिनाला लगेच लोड देऊ नका, आधी पाच मिनिटं रिकामं चालवा. आमचा तांडेल इतकी वर्षं पहाटे स्टार्टर मारून लगेच फुल रेस देत होता, दोनदा हेड उघडून झालं होतं. आता पाच मिनिटं थांबतो.