साठ शब्दांत मी

पुस्तक लिहायला मला दीड वर्ष लागलं. त्या पुस्तकाच्या मागच्या बाजूला छापायचा मजकूर लिहायला पाच आठवडे लागले, आणि त्यात आमच्या घरी दोनदा अबोला झाला.

पुस्तकाचं नाव ‘घुशीचं बिऱ्हाड’. पेठेतल्या एका पडक्या वाड्यात तीन पिढ्या राहणाऱ्या घुशीच्या कुटुंबाला बिल्डरची नोटीस येते, अशी गोष्ट. वयोगट आठ ते बारा. अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका प्रकाशकांनी ‘बघू’ न म्हणता ‘करू’ म्हटलं. पुण्यात या दोन शब्दांमध्ये साधारण अकरा वर्षांचं अंतर असतं, त्यामुळे मी जिना उतरताना हवेतच होतो. तेवढ्यात वरून संपादक मुलीने हाक मारली.

“काका, लेखक परिचय पाठवा हं. ६० शब्द. आणि जरा इंटरेस्टिंग करा. हल्ली आईबाबा आधी मागची बाजू वाचतात.”

घरी येऊन बसलो. ‘जन्म, शिक्षण पुण्यात. बी.कॉम. विमा कंपनीच्या मोटार क्लेम विभागात ३२ वर्षं नोकरी. सध्या निवृत्त.’ मोजलं. १४ शब्द. पासष्ट वर्षांचं आयुष्य १४ शब्दांत आटोपलं होतं आणि त्यातही ‘सध्या’ हा शब्द भरतीचा होता. निवृत्त माणूस सध्या निवृत्त आणि नंतर काय?

“सुमा, माझ्याबद्दल काही इंटरेस्टिंग सांग.”

ती भाजी निवडत होती. तिने खरंच विचार केला. मेथीची अख्खी जुडी संपेपर्यंत केला.

“तुम्ही डाव्या हाताने बाकरवडी खाता,” ती म्हणाली.

म्हटलं, आधी बाकीच्यांचं काय होतं ते पाहावं. पुणे नगर वाचन मंदिर १८४८पासून लोकांना पुस्तकं वाचायला देतंय, तिथे माझी सोय व्हायला हरकत नव्हती. वही घेऊन गेलो आणि बालसाहित्यिकांची चरित्रं काढून बसलो. माझी समजूत अशी होती, की मुलांसाठी लिहिणारी माणसं शिक्षक तरी असतात किंवा आजी तरी. निघालं भलतंच.

एक गृहस्थ ऑक्सफर्डला गणित शिकवत होते. १८६२च्या जुलैत तीन लहान मुलींना नावेतून फिरायला नेलं आणि वेळ जावा म्हणून बिळात पडणाऱ्या ॲलिसची गोष्ट सांगितली. त्यांचं खरं नाव डॉजसन, लुईस कॅरोल हे पुस्तकापुरतं. आमच्या गणिताच्या मास्तरांनीही आम्हाला बिळात पाडलं होतं, पण गोष्ट नाही सांगितली. सशाची चित्रं काढणाऱ्या बिअट्रिक्स पॉटरबाई मुळात बुरशीचा अभ्यास करायच्या. १८९७मध्ये त्यांचा निबंध लंडनच्या लिनियन सोसायटीत वाचला गेला, पण तिथे बायकांना प्रवेश नव्हता, म्हणून तो दुसऱ्यानेच वाचला. पुढे त्यांनी मेंढ्या पाळल्या. ‘छोटा राजपुत्र’ लिहिणारे सेंतेक्झुपेरी वैमानिक. १९३५मध्ये विमान वाळवंटात पडलं, पाण्यावाचून फिरत राहिले, शेवटी बेदुइन लोकांनी वाचवलं. ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’वाले रोआल्ड डालही वैमानिकच, पण मला त्यांच्या शाळेचा जास्त हेवा वाटला. कॅडबरी कंपनी म्हणे शाळेत नवनवीन चॉकलेटं पाठवायची आणि मुलांनी खाऊन मार्क द्यायचे. आमच्या शाळेत आम्हाला सुकडी मिळायची आणि मार्क तीच माणसं आम्हाला द्यायची.

केनेथ ग्रॅहम यांच्यापाशी मात्र मी थबकलो. नदीकाठच्या बेडकाची आणि उंदराची गोष्ट लिहिणारा हा माणूस बँक ऑफ इंग्लंडमध्ये सेक्रेटरी! म्हणजे आपल्यातलाच की, फायलींमधला. आनंदाने पुढचं वाक्य वाचलं. १९०३मध्ये एक अनोळखी मनुष्य बँकेत शिरला आणि त्याने यांच्यावर गोळ्या झाडल्या. एकही लागली नाही. मी वही मिटली. ३२ वर्षांत माझ्यावर एकदाच काहीतरी फेकलं गेलं, ते म्हणजे टू-व्हीलरचं आरसी बुक.

म्हटलं, परदेशी माणसांचं सोडा, आपल्याकडे बघू. आपल्याकडे तर आणखी वाईट परिस्थिती. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते हे ठीक, पण ‘श्यामची आई’ लिहिली नाशिकच्या तुरुंगात, १९३३मध्ये, अवघ्या पाच दिवसांत. मी घुशीला दीड वर्ष लावलं होतं आणि मला रोज चार वाजता चहा मिळत होता. हे सुमाला सांगायला नको होतं. “मग तुम्हीही जाऊन या पाच दिवस,” ती म्हणाली. (पहिला अबोला हा.) रत्नाकर मतकरी बँकेत नोकरी करता करता राक्षस आणि चेटकिणी रंगमंचावर आणत होते. अनिल अवचट डॉक्टर, त्यावर पुन्हा बासरी, ओरिगामी, लाकडातली शिल्पं आणि मुलांसाठी गोष्टी; एका माणसात पाच मलपृष्ठं. मी निवृत्तीनंतर बासरी आणली होती. सोसायटीने पत्र दिलं.

जयंत नारळीकरांचा किस्सा सगळ्यात जिव्हारी लागला. त्यांना नुसतं बालसाहित्यिक म्हणता येणार नाही, पण त्यांच्या विज्ञानकथांवर आमच्याकडची किती मुलं वाढली ते सगळ्यांना माहीत आहे. १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी कथा पाठवली, ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी केली आणि अक्षर कुणी ओळखू नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून उतरवून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. केवढी ही नम्रता! नाव लपवावं लागण्याइतकं मोठं नाव असणं ही किती सुखाची अडचण आहे! मी घरी येऊन सुमाला म्हटलं, माझ्या पुढच्या गोष्टीची प्रत तू काढून देशील का, अक्षर ओळखू नये म्हणून. ती म्हणाली, “ओळखायचं राहू दे, आधी वाचता तर आलं पाहिजे.” (दुसरा.)

सगळ्यात जीव जडला तो फ्रँक बॉम यांच्यावर. ‘ओझ’ नावाच्या देशातला जादूगार ज्यांनी १९०० साली पुस्तकात आणला, ते हे. या गृहस्थांचं पहिलं पुस्तक कोंबड्यांवर होतं! हॅम्बर्ग जातीच्या कोंबड्या, त्यांची निगा, त्यांची पैदास. साल १८८६. मग त्यांनी दुकान काढलं, ते बुडालं. मग काचसामान विकत गावोगाव फिरले. मग दुकानाच्या काचेमागे माल कसा मांडावा याचं मासिक काढलं. आणि हे सगळं झाल्यावर, चाळिशीत, जादूगार. मी हे वाचून अक्षरशः सद्गदित झालो. वहीत नको, हे हाताशी असावं म्हणून मोबाइलवर टिपून ठेवलं.

नातीने, रमाने, रविवारी माझी मुलाखत घेतली.

“आबा, तू विमानातून पडलायस का कधी?”

“नाही गं.”

“जेलमध्ये?”

“नाही.”

“मग तू ऑफिसात करायचास काय?”

मी सांगितलं. लोकांच्या गाड्या ठोकल्या जायच्या. मग ते फॉर्म भरायचे. फॉर्ममध्ये एक रकाना असायचा, ‘अपघात कसा घडला ते थोडक्यात लिहा’. तिथे लोक थोडक्यात सोडून बाकी सगळं लिहायचे. एकाने लिहिलं होतं, ‘मी माझ्या बाजूने जात असता समोरून येणाऱ्या म्हशीने कोणताही इशारा न देता उजवीकडे वळण घेतले.’ मी त्यावर शेरा मारला होता, ‘म्हशीचा जबाब जोडावा.’ दुसरे एक गृहस्थ, मंडईसमोरून स्कूटर चोरीला गेली म्हणून आले. पोलिसांत तक्रार, फॉर्म, किल्ल्या, सगळं रीतसर. चौथ्या दिवशी ती स्कूटर स्टेशनवर सापडली. तिथे त्यांनीच ठेवली होती, मंडईला ते बसने गेले होते. पण फॉर्मवर त्यांनी चोराचं वर्णन दिलं होतं, मिशीसकट.

रमा लोळून हसली. “आबा, म्हणजे तू रोज गोष्टीच वाचायचास!”

वाचायचो खरा. ३२ वर्षं मी रोज एकाहून एक अद्भुतकथा वाचल्या आणि बहुतेकांवर ‘नामंजूर’ लिहिलं.

त्या रात्री परिचय झरझर लिहून झाला. म्हैस घेतली, मिशीवाला चोर घेतला, ५८ शब्द झाले. ‘सध्या’ परत घातला, ५९. संपादक मुलीचा निरोप आलाच होता, ‘काका उद्या छपाईला जातंय!!’ मी चश्मा न लावता कॉपी केलं, पेस्ट केलं, पाठवलं, आणि पाच आठवड्यांनी शांत झोपलो. तिचा अंगठा आला. मागून आणखी एक निरोप, ‘वाह काका, माहीतच नव्हतं!’ मला वाटलं, म्हशीचं.

पुस्तकाच्या १००० प्रती छापून झाल्यावर पाच प्रती घरी आल्या. मुखपृष्ठावर घूस सुरेख. सुमाने पुस्तक उलटं केलं, चश्मा वर-खाली केला आणि मोठ्याने वाचलं.

“‘लेखकाने सुरुवातीला कुक्कुटपालन केले. हॅम्बर्ग जातीच्या कोंबड्यांवरील त्यांचे पुस्तक हे त्यांचे पहिले पुस्तक होय. पुढे दुकान बुडाल्यावर गावोगावी काचसामानाची विक्री. घुशीचं बिऱ्हाड हे त्यांचे पहिलेच बालपुस्तक.’ ... अहो, दुकान कधी बुडालं आपलं?”

मी टिपणात बॉम यांचं नाव लिहिलं नव्हतं. मला वाटलं होतं, हा माणूस आपण काय विसरतोय!

आमच्या घरात अंडं येत नाही. सुमाच्या सासूबाईंच्या काळात केकसुद्धा दारातूनच परत जायचा. आता जिन्यात शेजारचे काका थांबवून विचारू लागले, “काय, धंदा बंद केलात का अजून आहे थोडा?” प्रकाशकांकडे गेलो, तर ते म्हणाले, दुसऱ्या आवृत्तीत बघू. ‘करू’ नाही, ‘बघू’. संपादक मुलगी मात्र खरोखर रडवेली झाली होती. “पण काका, तुम्ही म्हणाला होतात ना, इंटरेस्टिंग,” असं म्हणून तिनेच मला चहा पाजला. इंटरेस्टिंग मी नव्हे, तीच म्हणाली होती, पण चहा पिऊन झाल्यावर वाद घालणं बरं दिसत नाही.

महिनाभराने फोन आला. फुरसुंगीहून. आता फुरसुंगी म्हटल्यावर माझ्या पिढीच्या माणसाच्या डोळ्यांसमोर भा. रा. भागवतांचा बनेश फेणेच उभा राहतो, मी सरसावून बसलो.

“सर, पोरीच्या शाळेतनं तुमचं पुस्तक आलंय. घुशीचं. मागं तुमचं वाचलं. नंबर प्रकाशकानं दिला. पिल्लं पाच दिवसांची झाली, लासोटाची लस द्यायचीय. मागच्या खेपेला मानमोडीनं पार वाट लावली. थेंब डोळ्यात टाकायचा का नाकात?”

खरं सांगून टाकायला हवं होतं. पण ३२ वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याकडे फॉर्म न भरता आलं होतं. म्हटलं, “कामात आहे, संध्याकाळी सांगतो.” आणि दिवसभर जनावरांच्या डॉक्टरांच्या मागे लागलो. थेंब डोळ्यात टाकला तरी चालतो, नाकात टाकला तरी. एकच थेंब. लस बर्फात ठेवून न्यायची, तयार केली की लगेच वापरायची. संध्याकाळी हे सगळं मी अशा आवाजात सांगितलं, की जणू हॅम्बर्ग माझ्या मांडीवर वाढल्या.

पिल्लं वाचली. मागच्या रविवारी सकाळी बेल वाजली. दारात टोपी घातलेले एक गृहस्थ, हातात भुसा भरलेली पिशवी आणि भुशात दोन डझन अंडी. जिन्यात शेजारचे काका, दुधाची पिशवी हातात धरून, थांबलेले. सुमाने एकदा पाहुण्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, मग पिशवीत वाकून बघितलं.

“गावरान आहेत,” ते म्हणाले.

“असं का,” सुमा म्हणाली. “आमच्याकडे हॅम्बर्ग लागतात.”