हॉलमध्ये टायटॅनिक

'बाबा, एका तुकड्याला सात सेंटसुद्धा पडत नाहीत!' मुलगा सेंटांत बोलायला लागला, की रुपयांतला आकडा सांगण्यासारखा नाही हे ओळखावं.

प्रकरण लेगोच्या, म्हणजे एकमेकांत बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या विटांच्या, टायटॅनिकचं होतं. २०२१ साली निघालेला संच, तुकडे ९,०९०, तेव्हाची अमेरिकेतली किंमत ६२९.९९ डॉलर. भागाकार बरोबर होता. पण मी जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासलेला माणूस. त्याच कंपनीचा जगाचा नकाशा काढून दाखवला. ११,६९५ तुकडे, २४९.९९ डॉलर, म्हणजे तुकड्याला दोनच सेंट! 'अहो बाबा, त्यात बहुतेक नुसत्या गोल टिकल्या आहेत!' तो कळवळला. म्हणजे तुकडे मोजून मोल ठरत नाही, हे त्यानंच कबूल केलं. मी शांतपणे चहा प्यायलो.

मग 'गुंतवणूक' निघाली. बंद झालेल्या संचांचे भाव चढतात म्हणे. चढतात, खोटं नाही. पण २००८चा ताजमहाल चढ्या भावाने घेऊन बसलेल्यांसमोर २०१७ साली कंपनीने तोच ताजमहाल, एक तुकडा वाढवून, पुन्हा दुकानात मांडला. शिवाय चांगला भाव येतो तो न फोडलेल्या खोक्याला. न फोडलेलं खोकं माळ्यावर टाकायचं, तर आमच्या लग्नातला डिनर सेट तिथे आहेच. त्यात २०२३च्या अर्थसंकल्पाने आयात खेळण्यांवरचं शुल्क ६० वरून ७० टक्क्यांवर नेलेलं.

डिझाइनपुढे मात्र हात टेकले. खरी बोट २६९ मीटर, ही १:२०० मापाने १३५ सेंटीमीटर. ती तीन भागांत सुटते आणि आत भव्य जिना, बॉयलर सगळं दिसतं. मागचे पंखे बोटाने फिरवले की आत इंजिनाचे दट्टे वरखाली होतात. हा व्हिडिओ मी, केवळ तपासणी म्हणून, बऱ्याचदा पाहिला. माणसं मात्र एकही नाही. या मापात माणूस नऊ मिलिमीटरही भरत नाही, लेगोची साधी वीटच त्याच्या डोक्यावरून जाते. आणि चार धुरांडी! खऱ्या बोटीत बॉयलरचा धूर पहिल्या तिघांतून जायचा, चौथं हवा खेळायला आणि रुबाबाला. आमच्या सोसायटीच्या कमिटीतही असे एक सभासद आहेत. माझा आक्षेप एकच, दोन्ही बाजूंच्या खिडक्यांच्या रांगा. लावा खिडकी, लावा खिडकी. आठवड्याभरात हे काम माझ्याच गळ्यात येणार.

तोवर हिने शिलाईच्या डब्यातली टेप आणली होती. टीव्हीखालचं कपाट बोटीहून चार बोटं आखूड. 'बरं, ठेवली कुठेतरी. पुसणार कोण? विटांवरच्या त्या बारीक बारीक टोप्यांमधली धूळ फडक्याने निघत नाही. आणि गणपतीत मखर कुठे?'

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी टेप गुंडाळायला घेतली.

निकाल लावला तो आईने. 'बुडालेली बोट घरात आणायची, तीही शोभेला? आणाच, पण आधी सत्यनारायण घाला. साधुवाण्याचीही नौका बुडाली होती. कलावतीने प्रसाद खाल्ला तेव्हा वर आली.'

मुलगा लगेच मोबाइलवर पौर्णिमा शोधू लागला. हिने तेवढंच विचारलं, 'आणि बोट आल्यावर चौरंग कुठे मांडायचा?'