डिझेल शेडमधल्या काकांची फियाट : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

पुण्यातल्या घोरपडीच्या डिझेल शेडमधून, म्हणजे रेल्वेच्या डिझेल इंजिनांची देखभाल होते तिथून, निवृत्त झालेल्या आणि अलीकडेच निवर्तलेल्या फिटर काकांवरचा माझा लेख आपण बारकाईने वाचलात व त्यावर सविस्तर लिहिलेत, याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे, की जुन्या मोटारी सांभाळणे हा संस्थानिकांचा आणि कारखानदारांचा शौक आहे. रेल्वेतल्या पगारदार माणसाने तो केला तर ती संसाराच्या पैशांची उधळपट्टी होते. सरकारी नोकरीतल्या ठरावीक कामाला मी उगाच ‘कष्ट’ म्हटले. आणि शेडमधले इंजिन व घरची फियाट यांचा मी जोडलेला संबंध ही निव्वळ लेखकाची हौस आहे. या शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण लेखाचा सगळा भार त्याच्यावरच आहे.

डब्ल्यूडीएम-२ या लोकोचे, म्हणजे गाडी ओढणाऱ्या रेल्वे इंजिनाचे, डिझेल इंजिन म्हणजे अल्को या अमेरिकन कंपनीच्या रचनेचे, १६ सिलिंडरांचे, २६०० अश्वशक्तीचे धूड. त्याच्या सिलिंडरचा व्यास ९ इंच आणि स्ट्रोक (दट्ट्याची धाव) साडेदहा इंच, म्हणजे एकेका सिलिंडरची क्षमता जवळजवळ ११ लिटर. काकांची गाडी १९५० च्या दशकातली फियाट ११००, जिला आपल्याकडे प्रेमाने ‘डुक्कर फियाट’ म्हणतात. तिचे चार सिलिंडरांचे अख्खे इंजिन १०८९ सीसीचे, म्हणजे शेडमधल्या एका सिलिंडरच्या दहाव्या हिश्शाएवढे. त्यातही पहिले इंजिन डिझेलवरचे, त्याला ना स्पार्क प्लग ना कार्ब्युरेटर. दुसरे पेट्रोलवरचे, त्याला ठिणगीसाठी डिस्ट्रिब्युटर व सीबी पॉइंट आणि विजेसाठी डायनॅमो. सुट्या भागांपुरते बोलायचे तर आपला आक्षेप बिनतोड आहे. पण काकांनी शेडमधून घरी आणली ती कामाची शिस्त. डिझेल शेडमध्ये इंजिन बिघडण्याची वाट पाहत बसत नाहीत. ठरल्या मुदतीला ते तपासणीसाठी पिटवर (रुळांखालच्या खड्ड्यावर) येते, वंगणाच्या तेलाचा नमुना प्रयोगशाळेत जातो, आणि त्यात तांबे किंवा शिसे वाढलेले आढळले, की बेअरिंग झिजू लागल्याचा सुगावा इंजिन न उघडताच लागतो. काकांच्या घरी प्रयोगशाळा नव्हती, पांढरी एनॅमलची थाळी होती. फियाटचे तेल बदलताना ते पहिली धार त्या थाळीत घेत, थाळी उन्हात तिरकी करून तळाशी काही चकाकते का ते पाहत, मग चिमटीत तेल चोळून कचकच लागते का याचा अंदाज घेत, आणि हात पुसून वहीत नोंद करत. ती वही मी चाळली आहे. तारीख, किलोमीटर, तेलाचा रंग, टॅपेटचे (इंजिनाच्या झडपा हलवणाऱ्या भागाचे) अंतर असे रकाने पट्टीने आखलेले आहेत. एका पानावर ‘मागचे डावे चाक, ड्रमच्या आत किंचित ओल, पुन्हा पाहणे’ अशी नोंद आहे आणि तिच्याखाली आठवड्याभरानंतरच्या तारखेला ‘व्हील सिलिंडरचे रबर बदलले, ओल नाही’ अशी दुसरी (व्हील सिलिंडर म्हणजे तेलाच्या दाबाने चाकाचा ब्रेक दाबणारा भाग). माणसाला जुन्या वस्तूंची नुसती ओढ असती, तर त्याने ‘पुन्हा पाहणे’ लिहिले नसते, आणि लिहिले असते तरी पुन्हा पाहिले नसते.

पगार पहिल्या तारखेला मिळतो म्हणून काम हलके होते, हे मला पटत नाही. शेड चोवीस तास चालते. नुकत्याच आलेल्या, अजून धग सोडणाऱ्या इंजिनावर चढून सिलिंडर हेडचे नट सैल करणे, पावसाळ्यात पिटमध्ये उतरून ब्रेक ब्लॉक बदलणे, आणि लोको वेळेवर सुटला नाही तर रात्रपाळी संपल्यावरही थांबणे, हे त्या नोकरीतले रोजचे काम. काका कामाला लागल्यावर थोड्याच वर्षांत, ८ मे १९७४ रोजी, रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप सुरू झाला. त्यातले मुद्दे वेतनाचे आणि बोनसचे होते, तसेच कामाच्या तासांचेही होते. सरकारी नोकरी सुखाची असती, तर इतक्या लोकांनी ती पणाला लावली नसती.

आता पैशांविषयी. राजवाड्यातली रोल्स रॉइस आणि बंगल्यामागे चिंचेखाली गंजत पडलेली फियाट यांना एकाच तागडीत घालणे योग्य नाही. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि पुढच्या काही वर्षांत पुण्यातल्या पुष्कळ घरांना जुनी गाडी नकोशी झाली. काकांना ही गाडी अशाच घरातून मिळाली. ती बंद होती आणि भंगाराच्या भावापेक्षा थोडीशीच महाग पडली. सुटे भाग त्यांनी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात शोधले. हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. काकांची साप्ताहिक सुट्टी बुधवारी असल्यामुळे रविवारच्या गर्दीत हौशी मंडळींशी घासाघीस करण्याची वेळ त्यांच्यावर फारशी आली नाही. (पाळीच्या नोकरीचा एवढा एक फायदा मलाही मान्य आहे.) मजुरी अर्थातच घरची होती, आणि या छंदात खरा खर्च मजुरीचाच असतो.

या छंदापायी काकूंच्या वाट्याला काय आले, याविषयी आपण जे लिहिले आहे तो मात्र आपल्या प्रतिक्रियेतला सर्वांत सबळ भाग आहे. रात्री रेल्वेने नेल्या आणि सुट्ट्या फियाटने, असे त्या म्हणत. हे मी मूळ लेखातही दिले होते, आणि त्यावर सारवासारव करणारे एकही वाक्य जोडले नव्हते. छंद एकाचा असतो आणि त्याच्यासाठी वेळ मोकळा करून देणारे माणूस दुसरेच असते, हे पुण्यातल्या कितीतरी घरांत दिसते. तरीही उधळपट्टी हा शब्द मला मान्य नाही, कारण घराचा हिशेब काकूंच्या हाती होता आणि गाडीसाठी महिन्याला किती पैसे काढायचे ते त्याच ठरवत. मुलीचे शिक्षण चालू असताना त्यांनी ती रक्कम पूर्ण थांबवली होती. तेवढी वर्षे गाडी ताडपत्रीखाली उभी राहिली, वहीची पाने कोरी राहिली, आणि काकांनी त्याबद्दल कुरकूर केल्याचे काकूंनाही आठवत नाही.

अशा धूर ओकणाऱ्या गाड्यांचे कौतुक करण्याऐवजी त्या मोडीत काढाव्यात किंवा फार तर संग्रहालयात ठेवाव्यात, असे आपण सुचवले आहे. कायदा याबाबतीत आपल्यापेक्षा मवाळ आहे. २०२१ मध्ये केंद्राने केलेल्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या खासगी गाडीची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी करता येते. त्यासाठी २०,००० रुपये शुल्क आहे, नोंदणी १० वर्षांसाठी असते, आणि अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर काढता येते. महिन्यातून दोनदा बाहेर पडणाऱ्या गाडीच्या धुरावर वाद घालण्यापेक्षा शहरात रोज धावणाऱ्या लाखो गाड्यांकडे पाहणे मला अधिक सयुक्तिक वाटते.

संग्रहालयाचा विचार काकांच्या मुलीने केला होता. तिने तो सोडला, त्याचे कारण तांत्रिक आहे. ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषून घेते, त्यामुळे गाडी उभी राहिली की व्हील सिलिंडर आतून गंजतात आणि रबरे चिकटून बसतात. पेट्रोल उडून गेल्यावर कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये चिकट थर उरतो. काचेमागे ठेवलेली फियाट चांगली दिसेल, पण दोन-तीन वर्षांत ती पुन्हा चिंचेखालच्या अवस्थेला येईल. त्यामुळे मुलीने गाडी आणि वही दोन्ही स्वतःकडे ठेवली आहेत. गेल्या महिन्यात तेल बदलले, ती नोंद तिच्या अक्षरात आहे, आणि टॅपेटचा रकाना तिने अजून मोकळा सोडला आहे, कारण फीलर गेज (ते अंतर मोजण्याच्या पातळ पट्ट्या) लावण्याचा हात तिला अजून बसलेला नाही.