७७७ मारलं की शेअर चालतो म्हणे!

"विंडोज, लिनक्स, मॅक एकाच नेटवर्कवर आहेत आणि शेअर उघडत नाही? फोल्डरवर 'चमॉड -आर ७७७' मारा, विषय संपला. आतलंच तर नेटवर्क आहे!" हा सल्ला इतका फिरलाय की नवखा माणूस तो नियमच समजतो. (शेअर म्हणजे नेटवर्कवर इतरांसाठी खुला केलेला फोल्डर. 'चमॉड' ही लिनक्सवर परवानग्या बदलायची आज्ञा; ७७७ म्हणजे सगळ्यांना वाचायचा, लिहायचा, चालवायचा हक्क, आणि '-आर' म्हणजे आतल्या सगळ्यालाही तेच.) एकेक मुद्दा घेऊ.

'ॲक्सेस डिनाइड' म्हणजे फाइलच्या परवानग्या कमी पडल्या, हे पहिलं गृहीतक. पण विंडोजकडून आलेली विनंती फाइलपर्यंत पोचायच्या आधीच सांबाच्या, म्हणजे लिनक्सवरचे फोल्डर विंडोजला वाटणाऱ्या प्रोग्रॅमच्या, दारात अडलेली असू शकते. सांबाचे पासवर्ड लिनक्सच्या पासवर्डांपासून वेगळे साठवले जातात. तिथे वापरकर्ता जोडलाच नसेल तर ७७७ काय करणार? सांबातल्या शेअरच्या व्याख्येत काहीच लिहिलं नसेल तर 'रीड ओन्ली' (फक्त वाचा) हे 'येस' धरलं जातं. एसईलिनक्स (लिनक्समधला जादा सुरक्षा-पहारा) चालू असेल तर फोल्डरला योग्य लेबल लागतं. आणि वरच्याच फोल्डरमध्ये शिरायची परवानगी नसेल, तर खालची सगळी दारं सताड उघडून उपयोग शून्य.

"एकदा मारलं की कायमचं काम झालं" हा दुसरा दावा, आणि लोक खरे फसतात ते इथे. चमॉड त्या क्षणी असलेल्या फाइलींना लागतो, उद्या जन्मणाऱ्या फाइलींना नाही. सांबात 'क्रिएट मास्क' (नव्या फाइलीला जास्तीत जास्त किती परवानग्या मिळतील ती मर्यादा) मुळात ०७४४ असतो. म्हणजे अ नावाच्या वापरकर्त्याने विंडोजवरून नवी एक्सेल फाइल टाकली, की तिच्यावर लिहायचा हक्क फक्त अ ला. ब ला ती उघडता येते, पण सेव्ह करताना नकार मिळतो. मग पुन्हा ७७७. काही जण तर ते क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणाऱ्या सोयीत) टाकून दर तासाला चालवतात, आणि त्यालाच व्यवस्था म्हणतात!

खरं काम चार ओळींचं आहे: सगळ्यांचा एक ग्रुप करा, फोल्डर त्या ग्रुपच्या नावे करून २७७० द्या, सांबात 'क्रिएट मास्क' ०६६० आणि 'डिरेक्टरी मास्क' २७७० लिहा. ७७० आणि ६६० म्हणजे हक्क फक्त मालकाला आणि ग्रुपला, बाकीच्यांना काही नाही. 'डिरेक्टरी मास्क' ही नव्या फोल्डरांसाठीची तशीच मर्यादा. २७७० मधला पहिला २ म्हणजे सेटजीआयडी ही खूण; त्याच्यामुळे आत बनणारी प्रत्येक फाइल आपोआप फोल्डरच्याच ग्रुपची होते.

"आतलं नेटवर्क, धोका कसला?" लिनक्सवर फाइल पुसायला त्या फाइलवर नव्हे, फोल्डरवर लिहायचा हक्क लागतो. फोल्डर ७७७ असेल तर आत पोचलेला कोणीही कोणाचीही फाइल उडवू शकतो. एका विंडोज मशीनवर रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) आलं, तर त्या वापरकर्त्याला जिथे जिथे लिहिता येतं तिथवर ते पोचतं. ७७७ ने तो परीघ आपणच वाढवून ठेवलेला असतो.

मॅक आणि लिनक्स एनएफएसने (फोल्डर नेटवर्कवर वाटायच्या दुसऱ्या एका पद्धतीने) जोडले असतील तर रोग बहुधा वेगळाच निघतो. नेहमीच्या मांडणीत तिथे मालक नावाने नाही, आकड्याने ओळखला जातो. मॅकवरचा पहिला वापरकर्ता ५०१, बहुतेक लिनक्सवरचा १०००. ७७७ ने तक्रार गप्प होते, मालकी मात्र चुकीचीच राहते.

राहिला '-आर'. चुकून होम फोल्डरवर चालला तर एसएसएच (दुसऱ्या मशीनवर सुरक्षितपणे शिरायचा प्रोग्रॅम) आपली खाजगी किल्ली, म्हणजे ओळख पटवणारी गुप्त फाइल, सगळ्यांना खुली झाली म्हणून वापरायला साफ नकार देतं. आधीच्या परवानग्या कुठेच नोंदलेल्या नसतात. त्यामुळे परवानग्यांना हात लावायच्या आधी 'गेटफॅकल -आर' (परवानग्यांची यादी काढणारी आज्ञा) चालवून निकाल एका फाइलीत ठेवा; परवानग्या लावणाऱ्या 'सेटफॅकल' ला 'रिस्टोअर' पर्यायासोबत तीच फाइल दिली की सगळं जागच्या जागी येतं.