खुलासा: तंजावरची मराठी निरूपणे भाषांतरित नाहीत

‘आचार्य पार्वतीकुमारांनी तमिळ रचनांचे भाषांतर करून भरतनाट्यम मराठीत आणले’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. भोसले राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८–१८३२) यांच्या नावावरची ही निरूपणे, म्हणजे एकच कथा सांगणाऱ्या, नृत्यासाठीच्या अनेक भागांच्या रचना, मुळातच मराठी असून तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेली आहेत.

मालवणचे नृत्यगुरू पार्वतीकुमार यांचे काम ही निरूपणे नृत्यात बसवण्याचे, म्हणजे वेगळे, आणि आमच्या मते जास्त अवघड. संहितेत शब्द मिळतात, पण पाय कुठे टाकायचा ते कागद सांगत नाही. त्यामुळे अडवू (हातापायांच्या मूलभूत नृत्यहालचाली) आणि अभिनय नव्याने बसवावे लागले. त्यांच्या नृत्यरचनेला ‘जशीच्या तशी दरबारी’ म्हणणेही म्हणूनच बरोबर नाही.

निरूपणात जयजय, शरणु, अलारु, सोल्लु, शब्द, वर्ण असे करत मंगलापर्यंत १८ भाग येतात. सगळ्यांचा राग एक, ताल एक, कथाही एकच. हल्ली एका निरूपणातला ‘शब्द’ हा भाग आणि दुसऱ्यातला ‘वर्ण’ जोडून कार्यक्रम होतात. मग राग बदलतो, कथेचा धागाही तुटतो. वेळ कमी असेल तर एकाच निरूपणातले मोजके भाग, मूळ क्रमाने घ्यावेत. आणि कार्यक्रमपत्रिकेत त्याला ‘संपूर्ण निरूपण’ छापू नये.